गॅलरीच्या सळया आणि एक न विचारलेला प्रश्न

इमारतींच्या आरसीसी डिझाइनचे काम मी २२ वर्षे करते आहे आणि परळच्या आमच्या कार्यालयात १४ जणांच्या गटाची जबाबदारी माझ्याकडे आहे. गिरगावातील एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाचे काम चालू असताना, सोमवारच्या बैठकीत, नुकताच रुजू झालेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, गॅलरीच्या वरच्या सळया आत एवढ्याच लांब नेल्या तर पुरतील का?"

प्रश्न रास्त होता. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असल्यामुळे तिच्यात ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून मुख्य सळया वर घालाव्या लागतात आणि त्या आतल्या स्लॅबमध्ये पुरेशा खोलवर नेल्या नाहीत, तर गॅलरीला मागून धरून ठेवणारे काही उरत नाही. मी मात्र एवढेच म्हणाले, "आधी ड्रॉइंग वाचायला शीक." त्या दिवशी माझे माप बरोबर होते, आणि आपले बरोबर होते म्हणून आपण वागलो तेही बरोबरच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दोन महिन्यांनी आर्किटेक्टने गॅलरी १.२ मीटरवरून १.५ मीटर केली. ड्रॉइंग सुधारले गेले, सळयांची लांबी मात्र जुनीच राहिली, आणि त्या ड्रॉइंगवर सही माझी होती. स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी साइटवरून मुकादमांचा फोन आला : "मॅडम, गॅलरी वाढली, मग सळई तेवढीच कशी?" काम एक दिवस थांबवून सळया नव्याने कापून घेतल्या. दुसऱ्या दिवशी चौकशी करताना कळले की त्या मुलाच्या लक्षात ही चूक आठवडाभर आधीच आली होती. तो खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही हिशेब केला असेल."

या वाक्याने मला जेवढे हादरवले, तेवढे मुकादमांच्या फोनने हादरवले नव्हते. सळई बदलता येते; पण ज्याने विचारायचे सोडले आहे, त्याला पुन्हा विचारते करणे फार कठीण असते.

आमच्या क्षेत्रात याच्या नेमके उलट घडलेले एक उदाहरण आहे. न्यूयॉर्कमधील ५९ मजली सिटीकॉर्प सेंटर १९७७ मध्ये उभे राहिले. त्याचे संरचना अभियंता विल्यम लमेझर यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे, १९७८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या शंकेवरून त्यांनी आपलाच हिशेब पुन्हा मांडला. इमारतीवर तिरप्या येणाऱ्या वाऱ्याचा जोर आणि वेल्डिंगऐवजी बोल्टने केलेले जोड, या दोन्हींमुळे इमारत धोक्यात असल्याचे त्यांना दिसले. नावलौकिक पणाला लागलेला असतानाही त्यांनी ते मालकांना सांगितले आणि रात्री काम करून जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करण्यात आल्या. हे सारे १९९५ पर्यंत लोकांपासून दडवले गेले, ते मला अजिबात पटत नाही. पण विद्यार्थ्याची शंका झटकून न टाकता पुन्हा आकडेमोडीला बसणे, ही मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

पुढच्या सोमवारी, ज्यांच्यासमोर त्याला गप्प केले होते त्यांच्याच समोर, मी त्या मुलाची माफी मागितली. आता माझे कोणतेही ड्रॉइंग साइटवर जाण्याआधी गटातील सर्वांत नवख्या व्यक्तीच्या हाती जाते, आणि शंका चुकीची असली तरी मी तोंडी उत्तर देत नाही. कागद पुढे ओढून त्यांच्यासमोर हिशेब मांडते. याला वेळ लागतो. साइटवरून फोनवर फोन येत असतात, तेव्हा जुना चढा सूर अजूनही ओठांवर येतो, आणि कधी कधी निसटतोही. मग त्याच दिवशी, घरी निघण्यापूर्वी, मी त्या माणसाच्या टेबलापाशी जाते.

परवा त्याच मुलाने जिन्याच्या बीमवर पेन्सिलने गोल करून ड्रॉइंग माझ्यापुढे ठेवले. यावेळी त्याचे बरोबर होते.