कमरेतलं इंजेक्शन, माझं बीपी आणि बाळ

बाळ पायाळू आहे आणि आता फिरणार नाही, म्हणजे सीझर, हे छत्तिसाव्या आठवड्यात पक्कं झालं. मला टाक्यांची एवढी भीती नव्हती, जेवढी कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनची होती. घरी येणारी प्रत्येक बाई त्यावरच काहीतरी बोलून जायची. कुणाची कंबर कायमची गेली, कुणाचं बाळ म्हणे नुसतं झोपून होतं, दूधच ओढेना. शेजारच्या काकू तर ठामपणे सांगायच्या, "भूल देतात आईला, पण चढते बाळाला."

भूलतज्ज्ञ मॅडमची भेट झाली तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला. त्यांनी ट्रेमधली एक रिकामी सिरिंज उचलली, दट्ट्या दोन मिलीच्या रेघेपर्यंत ओढला आणि म्हणाल्या, "साधारण एवढंच औषध." बुपिव्हाकेन नावाचं हे औषध मणक्यातल्या पाण्यात सोडतात, ते तिथल्या नसांवरच काम करतं. रक्तात त्यातलं फारच थोडं उतरतं, मग वारेतून बाळापर्यंत जाणार किती? पूर्ण भूल दिली तर गोष्ट वेगळी. ते औषध शिरेतून जातं आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं, म्हणून बाळ बाहेर येताना सुस्त असू शकतं, श्वासाला थोडी मदत लागू शकते. तेव्हा काकूंचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, फक्त ते दुसऱ्या भुलीबद्दल होतं.

"मग बाळाला काहीच होत नाही?" मी विचारलं. त्यावर मॅडमनी जे सांगितलं, ते माझ्या आधी सीझर झालेल्या एकाही बहिणीने सांगितलं नव्हतं. बाळाला त्रास होतो तो औषधाने नाही, आईचं बीपी पडल्याने. कमरेखालच्या नसा बधिर झाल्या की तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी झपकन खाली येतं. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जात असतं आणि ते सगळं आईच्या बीपीवर अवलंबून. तिथे ओढ लागली की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो. "म्हणून मळमळलं, जांभया आल्या, जीव घाबरला की लगेच सांगायचं. सोसत बसायचं नाही," त्यांनी बजावलं.

मध्येच मुहूर्ताचं एक प्रकरण झालं. सासूबाईंनी गुरुपुष्यामृत काढून ठेवला होता आणि तो सदतिसाव्या आठवड्यात येत होता. सीझर करणाऱ्या डॉक्टरबाईंनी हसत पण स्पष्ट नकार दिला. कळा न येता, लवकर सीझर केलं की बाळाच्या फुप्फुसातलं पाणी नीट निघालेलं नसतं, एकोणचाळीस आठवडे भरू द्या म्हणाल्या. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या.

प्रत्यक्ष दिवशी सकाळपासून पोटात काही नाही, हाताला सलाईन. ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, टेबलावर पाय खाली सोडून बसवलं, उशी पोटाशी धरायला दिली आणि मांजरीसारखी पाठ बाहेर काढायला सांगितली. एवढं मोठं पोट असताना ते जमवणं हेच सगळ्यांत अवघड काम होतं. स्पिरिटचा गार बोळा, एक टोचणी, मग थोडा दाब. सुई टोचली हे कळेपर्यंत पायांत ऊब पसरायला लागली आणि तळवे जड झाले. लगेच आडवं केलं आणि उजव्या कुल्ल्याखाली गुंडाळलेली चादर सारली. पोटाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्त अडू नये म्हणून डावीकडे कलतं ठेवतात. मग मॅडम गार बोळा पायापासून वर छातीपर्यंत लावत विचारत राहिल्या, "इथे गार लागतंय?"

दंडावरचा पट्टा सारखा आवळत होता. तेवढ्यात तोंडाला पाणी सुटलं, कानात दडे बसल्यासारखं झालं. मी "मॅडम, मळमळतंय" म्हणेपर्यंत त्यांनी मॉनिटरकडे बघून सलाईनमध्ये औषध सोडलंही होतं. वरचा आकडा 84 वर आला होता. ते औषध फेनिलेफ्रिन, हे नंतर विचारल्यावर कळलं. पूर्वी एफेड्रिन जास्त वापरायचे, पण ते वार ओलांडून बाळाकडे जास्त जातं, म्हणून आता हे पसंत करतात. थोड्याच वेळात माझं डोकं स्वच्छ झालं. पडद्यापलीकडे ओढाताण जाणवत होती, दुखत काहीच नव्हतं. आधी पाय, शेवटी डोकं, असं करत लेक बाहेर आली आणि रडली.

बालरोगतज्ज्ञांनी अपगार 8 आणि 9 सांगितला. पहिला एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा. रंग, ठोके, श्वास, हातापायांतली ताकद आणि डिवचल्यावरचा प्रतिसाद यांना मिळून दहापैकी गुण देतात. ही पद्धत 1952 मध्ये अमेरिकेतल्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी बसवली आणि त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, हे मला फार आवडलं.

आणि तरी तासाभराने लेकीला नर्सरीत न्यावं लागलं. श्वास भरभर चालला होता, मिनिटाला साठच्या वर. बाहेर सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला, "इंजेक्शनचाच परिणाम." डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं. कळा सुरू झाल्या की बाळाची फुप्फुसं आतलं पाणी शोषून घ्यायला लागतात. माझ्या कळा सुरूच झाल्या नव्हत्या, त्यामुळे ते पाणी बाहेर आल्यावर हळूहळू जिरत होतं. भूल कुठलीही दिली असती तरी हे होऊ शकलं असतं. थोडा ऑक्सिजन, देखरेख, बाकी काही नाही. मुहूर्ताच्या दिवशी केलं असतं तर? मी विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र विचारलं आणि उत्तर ऐकून पुन्हा गप्प बसल्या.

मला हुडहुडी भरली होती, तीन ब्लँकेटं टाकूनही दात वाजत होते. हेही या भुलीत होतं. पण शुद्धीत असल्यामुळे मावशींनी चीक काढायला लगेच मदत केली. तो वाटीतून नर्सरीत गेला आणि सिस्टरने नळीवाटे पाजला. श्वास ताळ्यावर आल्यावर लेक अंगावर आली ती भुकेलीच. सुस्त वगैरे अजिबात नाही.

कंबर माझीही दुखली. नॉर्मल झालेल्या माझ्या जावेचीही दुखत होतीच. शेजारच्या काकूंना त्याच सुमारास उसण भरली, तर पायाळू पोरीचा पाय लावून घ्यायला आल्या. माझ्या कमरेवर मात्र तिच्या लाथांचा काडीचा उपयोग झालेला नाही.

आता नणंदेची तारीख जवळ आली आहे. तिच्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी आहेत आणि रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत. अशा वेळी मणक्यात सुई घालायची की पूर्ण भूल द्यायची, हे भूलतज्ज्ञच ठरवतील. तिला मी एवढंच सांगितलंय की सगळी फाईल घेऊन त्यांना आधीच भेट, शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलंस ते लिहून ठेव आणि पूर्ण भूल ठरली तर बाळाचे डॉक्टर ओटीत असतील ना, ते विचारून घे.