ईशान, गुलाबी मनोरा आणि वाटीभर वाल

परवाच्या शनिवारची गोष्ट आहे, डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय.

मी डोंबिवलीत एका बालवाडीत शिकवते, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे मॉन्टेसरी पद्धतीची, म्हणजे मुलांनी स्वतः हाताळून शिकायची साधनं आहेत, तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात आणि मुलं, त्यांच्या आया, सगळेच मला ताई म्हणतात. तर शुक्रवारी रात्री एका मुलाच्या आईचा फोन आला. मुलाचं नाव बदलतेय, ईशान म्हणूया, वय तीन वर्षं आठ महिने. आई बँकेत आहे, घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. म्हणाली, "ताई, शाळेत तो शांत बसून एवढं सगळं करतो म्हणता, मग घरी का करत नाही? आम्ही सगळं आणलंय हो, काय कमी पडतंय तेच कळत नाहीये," आणि बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. मी म्हटलं उद्या सकाळी येते, तुम्ही काही तयारी करू नका.

तिसरा मजला, वन बीएचके, हॉल एवढुसा आणि त्यातली एक अख्खी भिंत लाकडी कपाटाला दिलेली. कपाट मुलाच्या उंचीचं, सुरेख पॉलिश केलेलं, खास बनवून घेतलेलं. त्यावर दट्ट्यांच्या पेट्या (खाचांत नेमके बसवायचे लाकडी दट्टे), एकावर एक रचायच्या ठोकळ्यांचा गुलाबी मनोरा, खरखरीत अक्षरांच्या पाट्या, नकाशाचं कोडं, मणी, रंगांच्या पट्ट्या, बटणांची चौकट, सगळं दाटीवाटीने लावलेलं. मी सहज मोजलं तर एकतीस वस्तू भरल्या. सोफा गावी पाठवून दिला म्हणे या कपाटासाठी. आईने हे सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता आणि थोडी भीतीसुद्धा, की आता तरी ताई म्हणतील बरोबर आहे.

मी काही बोलले नाही. खाली बसले आणि बघत राहिले, आमच्या कामात हेच आधी करायचं असतं.

ईशान आला, त्याने दट्ट्यांची एक पेटी काढली, दोन दट्टे उपसले, तिथेच टाकले, मणी ओढले, ते सांडले, मग मनोऱ्याकडे गेला. मनोऱ्याचे दहा ठोकळे असतात, सगळ्यात मोठा दहा सेंटीमीटरचा आणि मग एकेक सेंटीमीटर कमी होत होत शेवटचा एक सेंटीमीटरचा. मधला एखादा चुकीच्या जागी लागला की मनोरा बघतानाच खटकतो, कुणी सांगावं लागत नाही, म्हणून तर ते साधन तसं बनवलंय. पण ईशानने मनोरा लावलाच नाही, त्याने मधला एक ठोकळा उचलला आणि फेकला. टीव्हीच्या बाजूला लागला. मग दुसरा. मी आईकडे बघितलं तर ती ओठ घट्ट मिटून बसलेली, हात मांडीखाली दाबून धरलेले. तिसरा ठोकळा आजींच्या पायाजवळ पडला तरी ती गप्पच. मी हळूच विचारलं, थांबवत का नाही? तर म्हणाली, "मॉन्टेसरीत नाही म्हणायचं नसतं ना ताई?"

मला एकदम धस्स झालं. कारण हे ती कुठून शिकली? थोडं मोबाईलवरच्या व्हिडिओंतून असेल, पण जूनच्या पालकसभेत "मुलाला अडवू नका" हे वाक्य मीच म्हटलं होतं, माईकवर, दोनदा. कशात अडवायचं नाही ते मी सांगितलंच नव्हतं. मूल मन लावून काही करत असेल, कुणाला त्रास नसेल, वस्तू मोडत नसेल, तर मध्ये पडू नका एवढंच मला म्हणायचं होतं. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, वस्तूची नासधूस, इथे तर अडवायचंच आणि लगेच अडवायचं. ही पद्धत ज्यांनी सुरू केली त्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरींचंही म्हणणं तेच होतं, की मुलाचं स्वातंत्र्य दुसऱ्याला त्रास व्हायला लागला की तिथे संपतं. आमच्या वर्गात नियम घरापेक्षा जास्तच आहेत. दुसऱ्याच्या चटईवरचं साधन उचलायचं नाही, आपलं काम संपलं की जागेवर ठेवायचं, पळायचं नाही. मुलं ते पाळतात कारण नियम रोज तोच असतो, आईचा मूड बघून बदलत नाही.

मी उठले, ईशानच्या हातातला ठोकळा हळूच घेतला आणि म्हटलं, "ठोकळे फेकायचे नाहीत, लागतं. फेकायला बॉल आहे, तो आपण खाली जाऊन फेकू. मनोरा आज आत ठेवूया." तो रडला, चांगला भोकाड पसरून रडला. आई उठायला लागली तर मी तिला खुणेने थांबवलं. रडू दे, जवळ बसू, पण ठोकळा परत द्यायचा नाही. पाच-सात मिनिटांत थांबला.

तेवढ्यात बाबा आंघोळ करून आले. बाबा फार मनापासून करणारे, त्यांनी लगेच अक्षरांच्या पाट्या काढल्या. "ईशान, ताईंना दाखव, हे काय?" ईशान म्हणाला ग. "नाही, नीट बघ." म. "नाही रे, काल आलं होतं ना तुला!" तो क होता. मूल मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरायला लागलं. ही अक्षरं बोटाने गिरवायची असतात हो, गिरवता गिरवता आवाज कानावर पडायचा, त्यात परीक्षा नाही. आणि नाव शिकवायच्या तीन पायऱ्या आहेत. आधी आपण सांगायचं, हा क, हा म. मग बरेच दिवस नुसतं विचारायचं, क कुठेय, म मला दे, म माझ्या हातावर ठेव. आणि ते खेळता खेळता पक्कं झालं की मगच हे काय असं विचारायचं. मधल्या पायरीवर जेवढे दिवस काढाल तेवढं चांगलं. आणि चुकलं तर नाही म्हणायचं नाही, पाटी शांतपणे बाजूला ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. म्हणजे बघा, जिथे नाही म्हणायचं तिथे हे दोघं गप्प बसत होते आणि जिथे म्हणायचं नाही तिथे दिवसातून वीस वेळा म्हणत होते. कुणी नीट सांगितलंच नाही त्यांना. आम्हीही नाही.

अजून एक गोष्ट मी बघून ठेवली. ईशानला पाणी हवं होतं तर तो आईला म्हणाला, फिल्टर ओट्यावर आणि पेले वरच्या मांडणीत. हात धुवायला बाबांनी कमरेला धरून उचललं, नळही त्यांनीच सोडला. चपला, कपडे, टॉवेल, सगळं त्याच्या डोक्याच्या वर. एकतीस वस्तू त्याच्या उंचीवर होत्या पण त्यातली एकही त्याला दिवसभरात खरोखर लागणारी नव्हती.

मग मी आत आजींकडे गेले. त्या मूळच्या अलिबागकडच्या, खाली पाट टाकून बसलेल्या, पुढ्यात मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात. आज बिरडं. आजी आधी बोलेनात, मग हळूच म्हणाल्या, "मी त्याला चिऊकाऊची गोष्ट सांगते तर सूनबाई म्हणते, खोट्या गोष्टी चालत नाहीत त्या पद्धतीत. म्हणून मी हल्ली बोलतच नाही फारसं त्याच्याशी." हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ही गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही, परीकथा आणि राक्षसबिक्षस लहान मुलांवर लादण्याबद्दल मॉन्टेसरींचा आक्षेप होताच, सहा वर्षांखालच्या मुलाला खरं काय आणि खोटं काय ते अजून उमगत नसतं, आधी त्याला खरं जग भरपूर मिळू दे असं त्यांचं म्हणणं. पण म्हणून आजीने गप्प बसायचं? जे मूल भाषा नुसती टिपून घेतंय, ज्याला घरात दिवसभर बोलणारं एकच माणूस आहे, त्याच्याशी ते माणूस बोलायचं थांबलं तर कपाटातल्या कुठल्या साधनाने ते भरून निघणार आहे? मी म्हटलं, आजी, तुम्ही चिऊकाऊ सांगा, शिवाय तुमच्या लहानपणीच्या वाडीच्या गोष्टी सांगा, विहिरीच्या, रहाटाच्या, त्या तर खऱ्याच आहेत.

आम्ही बोलत होतो तोवर ईशान दारात येऊन उभा राहिला. आजी म्हणाल्या, "जा रे, इकडे ओलं आहे." मी म्हटलं, बसू दे ना. आजींनी एक छोटी वाटी पुढे सरकवली आणि न बोलता एक वाल उचलून अंगठा आणि पहिल्या बोटात धरला, हलकेच दाबला, आणि सालातून डाळिंबी टुपकन वाटीत पडली. परत एक. इतकं सावकाश की मी आमच्या नव्या ताईंना हेच शिकवते, दाखवताना बोलू नका, नाहीतर मूल तोंडाकडे बघतं आणि हात बघायचा राहून जातो. आजींना हे कुणी शिकवलं नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "तोंडात नाही घालायचा हं, कच्चा आहे."

ईशानने पहिला वाल एवढा जोरात दाबला की डाळिंबी फुटून दोन फाका झाल्या. त्याने वाटीत बघितलं. आजींची अख्खी, आपली फुटकी. दुसरा वाल, परत फुटला. तिसरा सालासकट उडाला आणि फ्रिजखाली गेला. चौथा त्याने फिरवून बघितला, मोडाच्या बाजूने धरला, जीभ थोडी बाहेर, श्वास रोखलेला, आणि अख्खी डाळिंबी पडली. त्याने ती उचलून आजींच्या अख्ख्या डाळिंबीशेजारी ठेवली. मग पुढचा. त्यानंतर त्याने मान वर केली नाही. बाहेर रिक्षावाल्याचं भांडण चाललं होतं, कुकरची शिट्टी झाली, आई दारात येऊन उभी राहिली, त्याला पत्ता नाही. मॉन्टेसरींनी रोममध्ये तीन वर्षांची एक मुलगी बघितली होती, दट्टे काढतेय आणि बसवतेय, चाळिसाहून जास्त वेळा, खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवली तरी काम थांबलं नाही. तिची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, पण इथे वन बीएचकेच्या स्वयंपाकघरात ते डोळ्यांनी दिसत होतं. वीस मिनिटं झाली असतील.

आणि मग चूक झाली ती माझी. मला राहवलं नाही, मी म्हटलं, "वा ईशान! शाब्बास, किती छान सोलतोयस!"

त्याने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग बाबांकडे. पुढचा वाल सोलला आणि परत माझ्याकडे बघितलं, की आता म्हणते का शाब्बास. तो फुटला. तो उठला आणि निघून गेला. चौदा वर्षं मी हे करू नका म्हणून सांगतेय. आजींनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि परत सोलायला लागल्या, पण मला मात्र फार लागलं ते. तो त्या सकाळी परत काही वालांकडे आला नाही.

मग आम्ही चौघं बसलो. आईने विचारलं, "मग हे सगळं विकून टाकू का ताई? सोळा हजार गेलेत." मी म्हटलं विकू नका, सहा-सात ठेवा बाहेर, बाकी माळ्यावर, पंधरा दिवसांनी बदला, आणि मनोरा लावायचा कसा ते एकदा त्याच्या शेजारी बसून न बोलता लावून दाखवा. साधनं वाईट नाहीतच, फार विचाराने केलेली आहेत. पण ती नाहीत म्हणून घर अडत नाही. आपल्या जवळचंच उदाहरण मी त्यांना सांगितलं, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांचं. १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला गेल्या, पुढे काही वर्षांनी तिथल्याच कोसबाडच्या टेकडीवर, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या बायका पाड्यावर गेल्या, तिथल्याच अंगणात बालवाडी मांडली. साधनं कसली, तर दगड, पानं, बिया, शिंपले. मूळ तत्त्व मॉन्टेसरींचंच, डोळ्यांना फरक दिसू दे, हाताला काम मिळू दे. मी ट्रेनिंगच्या वर्षी कोसबाडला जाऊन आले तेव्हा हे ऐकलं होतं आणि पुढे वर्गात शिरल्यावर विसरूनही गेले होते, खरं सांगायचं तर. बाबा म्हणाले, "आम्हाला वाटलं हे परदेशातलं आहे तर तसंच्या तसं करायला पाहिजे." मी म्हटलं, मॉन्टेसरी बाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासला अड्यारला आल्या आणि युद्धामुळे वर्षानुवर्षं इथेच राहिल्या, पुष्कळ शिक्षक त्यांनी इथेच घडवले, परदेशातलं कसलं.

सोमवारी शाळेत गेले आणि नव्या पालकांना आम्ही जो कागद देतो तो काढला. "घरी मॉन्टेसरी कोपरा तयार करा" असं मथळ्यात, आणि खाली बारा साधनांची यादी. हा कागद मीच चार वर्षांपूर्वी टाइप केला होता. ईशानच्या आईने ही यादी वर्तमानपत्रातल्या कात्रणासारखी जपून कपाटाच्या आत चिकटवली होती, मी बघितली होती ती शनिवारी. शाळेच्या मोठ्या ताईंना सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नवीन लिही, पण पहिलं काय घालशील? आमच्यात बराच वेळ यावर बोलणं झालं, एक ताई म्हणाल्या शिस्तीचं घाला, एक म्हणाल्या मोबाईलचं. शेवटी पहिल्या ओळीत लिहिलं, बेसिनपाशी पाट ठेवा, मुलाचा हात नळाला पोचला पाहिजे.