सजेशन, सरदारीण आणि ४०० नाण्यांचा घोडा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, पात्रं होऊन खेळायच्या खेळात सर्वांत जास्त वाद कोणत्या स्पेलवरून, म्हणजे जादूच्या मंत्रावरून होतात असं मला विचारलं, तर मी फायरबॉलचं, म्हणजे आगीच्या गोळ्याचं, नाव घेणार नाही. तिथे सगळं मोजून दिलेलं आहे: २० फुटांची त्रिज्या, ८ डी-६ (सहा बाजूंचे आठ फासे) इतकं नुकसान, डेक्स सेव्ह (चपळाईने बचावण्यासाठी टाकायचा फासा). वाद होतात ते सजेशनवरून.

२०१४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकात, हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल. समोरच्याला एक-दोन वाक्यांत काहीतरी सुचवायचं. त्याची विस्डम सेव्ह (मनाने विरोध करण्यासाठी टाकायचा फासा) फसली की जास्तीत जास्त आठ तास तो तेच करण्याच्या मागे लागतो. मात्र सूचना वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडली पाहिजे. स्वतःला भोसकून घे, पेटवून घे असलं उघड घातक काही सांगितलं तर स्पेल संपतो. आता वाजवी कुणाच्या मते?

आमच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकींत चालणाऱ्या खेळात) पुलावरच्या चौकीत हा प्रश्न उभा राहिला. आमची बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) तिथल्या कप्तानाला म्हणाली, "रात्रभर उभे आहात, माणसांना घेऊन गावात जेवून या. तोवर पुलाकडे आम्ही बघतो." सेव्ह फसली. तर आमचा पॅलाडिनच (धर्मयोद्धा) म्हणाला, "अगं, कुठला कप्तान असा चौकी सोडून जाईल?" स्वतःच्या पार्टीचं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाचं, नुकसान होत असताना त्याने हे विचारलं, याचं मला फार कौतुक आहे. तरीही डीएम, म्हणजे खेळ चालवून निर्णय देणारी, म्हणून मी कप्तानाला जेवायला पाठवलं.

कारण उत्तर स्पेलच्याच मजकुरात आहे. तिथे उदाहरण दिलंय: पहिला जो भिकारी भेटेल त्याला तुझा लढाईचा घोडा देऊन टाक, असं एखाद्या सरदारीणीला सुचवता येतं. त्याच पुस्तकात त्या घोड्याची किंमत ४०० सुवर्णनाणी आहे, आणि साधं राहणीमान रोजच्या एका नाण्यात भागतं. म्हणजे वर्षभराहून जास्त दिवसांचा खर्च रस्त्यात देऊन टाकायचा! एरवी कुठली सरदारीण हे करेल? पण स्पेल तिच्याकडून करवून घेतो. म्हणून वाजवीपणा शब्दांत शोधायचा, त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात नाही. नेहमीच्या वागण्यातलंच करवून घ्यायचं असेल तर जादू कशाला हवी?

मला सर्वांत जास्त खटकतं ते हे की बरेच डीएम 'वाजवी' या एका शब्दाची दुसरी सेव्ह करून टाकतात. नकार द्यायची संधी त्या पात्राला विस्डम सेव्हमध्ये मिळालेली असते. ती हरल्यावर "पण तो असं करणार नाही" म्हणणं म्हणजे पडलेला फासा परत उचलणं. तिसऱ्या लेव्हलच्या बार्डकडे दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे स्पेल वापरायच्या मोजक्या संधी, दोनच असतात; त्यातला एक असा वाया घालवू नये. म्हणून माझ्या टेबलवर वाक्य आधी ऐकायचं. नाही चालणार असं वाटलं तर मी तेव्हाच सांगते, शब्द बदलू देते, आणि मग स्लॉट खर्च होतो.

लढाईत "शस्त्र टाक, आम्ही तुला जाऊ देतो" हे चालतं का? माझ्या मते चालतं. शस्त्र टाकलं म्हणून त्याला लगेच जखम होत नाही. आणि तो निघाल्यावर पार्टीतल्या कुणी त्याला मारलंच, तर स्पेल आपोआप संपतो. तसं स्पष्ट लिहिलंय. दगाफटक्याचा बंदोबस्त मजकुरातच आहे, डीएमने आणखी कुंपण घालायची गरज नाही.

२०२४च्या पुस्तकात 'वाजवी' गेलं. आता सूचना २५ शब्दांच्या आत, करता येण्याजोगी वाटणारी, आणि त्याला किंवा त्याच्या साथीदारांना उघडपणे डॅमेज होईल असं तिच्यात काही नको. वाद कमी झाले हे खरं, साथीदारांचा विचार झाला तेही चांगलंच. पण उघड घातक आणि उघड डॅमेज यांत अंतर आहे. खजिनदाराला "दरबारात जाऊन चोरी कबूल कर" सांगितलं, तर कबुलीने हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) जात नाहीत. पुढे फाशी झाली तरी. २०१४च्या नियमाने, त्या राज्यात चोरीला फाशी आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर मी ही सूचना उघड घातक धरली असती. नव्या नियमाने मात्र ती चालते असंच मी वाचते, आणि तसाच निर्णय देईन.