ॲपल टार्ट, ताक आणि तोंडावरचा वारा

आमच्याकडे नेदरलँड्सला येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विचारतोच, "अगं, देश तर पोळपाटासारखा सपाट. मग सायकलला मोटर कशाला हवी?"

उत्तर द्यायच्या फंदात मी पडत नाही. पाहुण्याला साधी सायकल देते, नैऋत्येकडे तोंड करायला लावते आणि म्हणते, जरा अर्धा तास चालवून ये. इथे चढ नाहीत, पण समुद्रावरून येणारा वारा आहे आणि त्याला अडवायला मैलोन् मैल काही नाही. खंबाटकी घाट कितीही जीव काढो, कुठेतरी माथा येतो आणि पलीकडे उतार मिळतो. वाऱ्याला माथाच नसतो. अर्ध्या तासाने पाहुणा परत येतो तो लालबुंद होऊन, आणि मोटरचा विषय पुन्हा काढत नाही.

आपल्याकडे इलेक्ट्रिक सायकल म्हटलं की अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबला की पळणारी डोळ्यांसमोर येते. इथली तशी नाही. पायडल मारलं तरच मोटर जोर लावते, आणि तोही ताशी 25 किलोमीटरपर्यंतच. त्यापुढे तुम्ही आणि तुमचे पाय. मोटर जास्तीत जास्त 250 वॉटची. चांगल्या सायकलीत पायडलच्या दांड्यापाशी सेन्सर असतो. तुम्ही किती रेटा देताय ते तो ओळखतो आणि त्या हिशेबाने मोटर भर घालते. म्हणून कायद्याच्या लेखी ही सायकलच: लायसन्स नको, नंबरप्लेट नको, हेल्मेटची सक्ती नाही. ताशी 45 पर्यंत पळणारी वेगळी जात आहे, तिला पिवळी नंबरप्लेट आणि हेल्मेट दोन्ही लागतं. शिवाय हल्ली जाड टायरच्या फॅटबाइक आल्यात. त्यांत फेरफार करून शाळकरी पोरं पायडलला पाय न लावता भन्नाट सुटतात आणि त्यावरून इथे कायम वाद चालू असतात. आमच्या सायकलींचा असा काही रुबाब नाही. पुढे टोपली, मागे दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्या, 25 किलोच्या आसपास वजन. विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींत आता निम्म्याच्या आसपास इलेक्ट्रिक असतात आणि रस्त्यात दिसणारे निम्मे स्वार आमच्या आईवडिलांच्या वयाचे.

मोटरची खरी गरज मात्र वाऱ्यापेक्षा नवऱ्यामुळे होती. तो पुण्याचा, दर रविवारी सिंहगड चढलेला. मी दापोलीची, चढ दिसला की रिक्षा शोधणारी. साध्या सायकलींवर आमची सहल कशी चालायची, तर तो अर्धा किलोमीटर पुढे, पुलावर टेकून उभा. मी धापा टाकत पोचले की त्याची विश्रांती झालेली असायची आणि तो म्हणायचा, "चला!" यावरून घरात जे काही बोलणं व्हायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता मी मोटरचा जोर एक टप्पा वर ठेवते, तो मोटर बंद ठेवून शौर्य गाजवतो आणि आम्ही शेजारी शेजारी चालतो. दोघांनी जोडीने सायकल चालवायला इथे कायद्याने मुभा आहे, त्यामुळे गप्पाही होतात. ही तर चीटिंग झाली, असं म्हणणारे मराठी मंडळात भेटतात. असू दे. व्यायामाला जिम आहे. दमणूक हिशेबातून गेली की सहलीचा नकाशा पोटाने आखता येतो, आणि मला तेवढंच हवं होतं.

नकाशाची सोय इथे फार सुरेख आहे. सायकलवाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक नाक्याला आकडा दिलेला असतो आणि पुढच्या नाक्याकडे नेणाऱ्या छोट्या पाट्या असतात. घरून निघताना आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवायचे, बस्स. ही युक्ती मूळची शेजारच्या बेल्जियममधली. हुगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याला ती सुचली आणि 1995 मध्ये तिथल्या लिम्बुर्ग प्रांतात पहिलं जाळं सुरू झालं. लोक चिठ्ठीवर फक्त आकडे लिहितात. माझ्या चिठ्ठीवर काही आकड्यांपुढे कंसात "टार्ट", "मासे", "ताक" असंही असतं.

आमचा सगळ्यात आवडता फेरा वॉटरलँडचा, म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेकडच्या पाणथळ कुरणांचा. आम्ही राहतो ॲम्स्टलवेनला, शहराच्या दक्षिणेला. शहर ओलांडण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही: ट्राम, सिग्नल आणि सायकलवाटेवर मधोमध उभे राहून फोटो काढणारे पर्यटक. सेंट्रल स्टेशनच्या मागून आय नावाच्या पाण्यापलीकडे जाणारी फेरीबोट सायकलींसकट फुकट असते आणि रात्रंदिवस चालू असते. पाचेक मिनिटांत पलीकडे, आणि तिथून पाऊण तासाच्या आत गायी दिसू लागतात.

पहिला थांबा डुर्गरडॅम. बांधावर एका ओळीत लाकडी घरं, समोर पाणी, होड्यांच्या डोलकाठ्यांवर दोऱ्या आपटल्याचा आवाज. इथे कॉफी आणि ॲपल टार्ट घ्यायचीच. डच ॲपल टार्ट चांगली चार बोटं उंच असते. सफरचंदाच्या फोडी ठसठशीत राहिलेल्या, त्यांत दालचिनी आणि बेदाणे, भोवती जाड खुसखुशीत कवच, आणि शेजारी न मागताच "सोबत साय हवी ना?" असं विचारून घातलेला फेटलेल्या क्रीमचा ढीग. तुकडा पाच-सहा युरोंना पडतो. आम्ही एकात दोघं भागवत नाही, त्यावरून भांडणं होतात.

पुढची वाट बांधाच्या कडेने जाते आणि सरळ जाणारी वाट अचानक वळण घेते, मध्येच एखादं तळं येतं. किन्सेलमेअर हे त्यातलंच एक मोठं. पूर्वी कधीतरी बांध फुटला, पाण्याने तिथे खोल खड्डा पाडला, तो बुजवणं अशक्य म्हणून नवा बांध त्याला वळसा घालून बांधला. त्या काळी इथे खारा समुद्र होता, झौडरझे. 1916 च्या जानेवारीत पुराने हा सगळा भाग बुडाला, तेव्हा समुद्राचं तोंडच बंद करायचं ठरलं आणि 1932 मध्ये 32 किलोमीटरचा आफस्लाउटडाइक हा बांध पुरा झाला. आज डाव्या हाताला कुरणं, उजव्या हाताला गोडं पाणी, आणि कुरणाची पातळी पाण्याच्या खाली. सायकलवरून हे डोळ्यांनी दिसतं. गाडीतून कळतही नाही. अलीकडच्या काही वर्षांत या बांधांच्या मजबुतीकरणाची कामं चालू होती, तेव्हा पिवळ्या पाट्या वाट्टेल तिथून वळवून न्यायच्या. साध्या सायकलवर मी त्या पाट्यांना शिव्या घातल्या असत्या.

एप्रिल-मेमध्ये कुरणांतून मालगुजा पक्षी ओरडत डोक्यावरून उडतात. उजनीला, भिगवणला हिवाळ्यात दिसतो तोच जातभाई, फक्त इथे तो घरटं करतो. मोटरचा आवाज जवळजवळ नसतोच, म्हणून हे ऐकू येतं.

आउटडॅमच्या अलीकडे बांधावर बाक आहेत, तिथे आमचे धपाटे आणि लसणाची चटणी निघते. शेजारच्या बाकावर हमखास एक आजी-आजोबा असतात. एकसारखी जॅकेटं, हँडलला डाव्या बाजूला आरसा, थर्मास, आणि डब्यात लोणी-चीज लावलेले ब्रेडचे चार तुकडे. हे लोक ती शिदोरी घेऊन दिवसभर फिरतात आणि बाहेर फार तर एक कॉफी घेतात. मला त्यांच्या काटकसरीचं कौतुक आहे, पण अनुकरण करायची हिंमत नाही.

मार्केन पूर्वी बेट होतं. 1957 मध्ये बांध घालून ते जमिनीला जोडलं. तो बांध दोन्हीकडून उघडा. जाताना नैऋत्येचा वारा पाठीला असतो, मोटर बंद ठेवूनही सायकल पळते आणि आपण फार तंदुरुस्त आहोत असा गैरसमज होतो. हिरव्या लाकडी घरांची गल्ली बघायची आणि उन्हाळ्यात बंदरातून फोलेंडॅमला जाणारी बोट पकडायची. सायकल बोटीत चढवता येते, अर्धा तास लागतो.

फोलेंडॅम म्हणजे जत्रा. पारंपरिक टोप्या घालून फोटो काढायची दुकानं, चीजची दुकानं, पुन्हा फोटोची दुकानं. मला हे गाव मासळीच्या टपऱ्यांपुरतं आवडतं. जूनच्या मध्यापासून नवा हेरिंग येतो. मासा न शिजवता, फक्त मिठात मुरवलेला. आधी गोठवलेला असतो, ते कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे त्यातले कृमी मरतात. टपरीवाली समोरच साफ करते, शेपटी तशीच ठेवते आणि वर बारीक कांदा भुरभुरते. शेपटीला धरून, मान मागे टाकून खायची पद्धत. तुकडे करून घेतले तर काकडीचं लोणचंही मिळतं. मी दापोलीची, मासा कच्चा खायचा म्हटल्यावर अंगावर काटाच आला होता. आता सांगते, चव लोण्याकडे झुकणारी, वास जवळजवळ नाही, कांद्याने मजा येते. ज्यांना नकोच वाटेल त्यांनी किबलिंग घ्यावं: पिठात घोळून तळलेले पांढऱ्या मासळीचे गरमागरम तुकडे, सोबत लसणीचं सॉस. मी वर लाल तिखट घालते. ते पिशवीत असतंच.

नवरा शाकाहारी. तो त्या वेळात उभा राहून चीज सुफ्ले खातो, तळलेल्या आवरणात वितळलेलं चीज, जीभ भाजण्याची हमी. इकडे येणाऱ्या शाकाहारी वाचकांसाठी: बिटरबॉलन दिसतात बटाटेवड्याचीच लहान भावंडं, पण आत बहुधा गोमांस असतं. वाटाण्याच्या सुपात सॉसेज असतं. पॅनकेक मात्र बिनधास्त मागवा, "स्पेक नको" (स्पेक म्हणजे डुकराचं मांस) एवढं सांगा.

फोलेंडॅमहून मोनिकेंडॅममार्गे ब्रुक इन वॉटरलँडला येताना दुपारचा वारा समोर असतो. पाठीवर ज्याने ढकललं त्यानेच आता छातीवर हात ठेवलेला. इथे मी डाव्या अंगठ्याने बटण दाबून मोटरच्या "इको" टप्प्यावरून जास्त जोराच्या "टूर"वर जाते. सायकल एकदम हलकी होते, पायांखालचा रेटा तसाच राहतो पण गुडघ्यांची कुरकुर थांबते. हँडलवरच्या छोट्या पडद्यावर उरलेले किलोमीटर मात्र डोळ्यांदेखत उतरतात, 48 चे 41, 41 चे 35. आमची 500 वॉट-अवरची बॅटरी 60 ते 100 किलोमीटर नेते. वारा, थंडी, टायरमधली हवा आणि बसणाऱ्याने किती टार्ट खाल्ली, यावर आकडा ठरतो. अख्खा फेरा घरापासून घरापर्यंत 60-70 किलोमीटरांचा, त्यामुळे जाताना इको आणि येताना टूर हे गणित बसतं. शौर्य गाजवणारे गृहस्थ याच टप्प्यावर गुपचूप मोटर चालू करतात. मी बघते, बोलत नाही.

ब्रुकला पॅनकेक. ताटापेक्षा मोठा, पातळ, सफरचंदाचा किंवा चीजचा, वर काळसर पाक. आणि सोबत ताक, हो, ताकच. इथे ते घट्ट, आंबट आणि बिनमिठाचं मिळतं. मी मीठ-जिऱ्याची पुडी काढली की वेटर बघत राहतो. एकाने चाखायला मागितलं होतं.

वाटेत शेतांच्या फाटकाबाहेर लाकडी कपाटं ठेवलेली असतात. अंडी, मुरंबा, मोसमात भोपळे. माणूस नाही. पैसे डब्यात टाकायचे किंवा क्यूआर कोड स्कॅन करायचा. टोपलीत अंडी ठेवून विटांच्या रस्त्यावरून जायचं कौशल्य मला अजून साधलेलं नाही, म्हणून मुरंबा.

एवढं झाल्यावर घरी कोण स्वयंपाक करणार? ॲम्स्टरडॅम नोर्डमधून परतताना सुरिनामी दुकानातून रोटी पार्सल घेतो. 1873 मध्ये लल्ला रूख जहाजातून कलकत्त्याहून पहिले गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत नेले गेले. 1975 च्या स्वातंत्र्याच्या आसपास त्यांच्या वंशजांतले हजारो लोक नेदरलँड्सला आले आणि सोबत स्वयंपाक आणला. मऊसूत रोटी, आत डाळीचं सारण, बटाट्याची मसालेदार भाजी, चवळीच्या लांब शेंगा, चिकन आणि उकडलेलं अंडं. नवऱ्यासाठी चिकनशिवाय. "बारा" नावाचा पदार्थ पण घ्या: उडदाच्या पिठात अळूची पानं चिरून घातलेला वडा. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारचा स्वयंपाक दोन समुद्र ओलांडून ॲम्स्टरडॅममध्ये एका कोकणी बाईच्या सायकलच्या पिशवीत जातो, याचं मला दर वेळी हसू येतं.

कोणी सुट्टीत येणार असाल तर इलेक्ट्रिक सायकल दिवसाच्या भाड्याने ॲम्स्टरडॅममध्ये सहज मिळते. घेताना सीटची उंची दुकानातच करून घ्या. इथले लोक उंच असतात, त्यांच्या मापाच्या सीटवर बसून आपले पाय अधांतरी राहतात. सायकल लावताना मागच्या चाकाचं गोल कुलूप आणि साखळी, दोन्ही घाला, साखळी कशाला तरी बांधून. बाउनराडार ॲपवर पावसाचा ढग मिनिटामिनिटाला दिसतो, तो बघून निघा. आणि सोमवारी जाऊ नका, गावांतली बरीच कॅफे त्या दिवशी बंद असतात.