छातीत नळी असताना बाटली कुठं ठेवायची?

विशीतलं उंच, किडकिडीत पोरगं. नुसतं बसलेलं असताना छातीत एका बाजूला कळ येते, श्वास घेतला की वाढते, धाप लागते. जतला असो वा पाटणला, पहिला संशय गॅसवर, नाहीतर लचकेवर. दिवसभरात दुखणं बरंचसं ओसरतं, आणि घोळ तिथंच होतो. हा न्यूमोथोरॅक्स असू शकतो, म्हणजे फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा. कळ थांबली तरी ती हवा तशीच असू शकते. छातीचा एक्स-रे काढाच, तोही उभ्यानं. झोपवून काढला तर थोडी हवा सहज निसटते.

अशा पोरांच्या फुफ्फुसाच्या शेंड्याला बहुतेकदा पातळ फुगे असतात. त्यातला एक फुटला की हवा फुफ्फुसाबाहेरच्या पोकळीत शिरते आणि फुफ्फुस आकसतं. विडी-सिगारेटनं हा धोका कितीतरी वाढतो. आपल्याकडे टीबीनंही असंच होतं, म्हणून तीही तपासणी हवी. हवा थोडी असेल आणि धाप नसेल तर नुसत्या देखरेखीवर भागतं. नाहीतर सुईनं हवा ओढतात किंवा काखेखालून, बरगड्यांच्या फटीतून नळी घालतात.

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात साधारण २ सेंटिमीटर बुडालेलं असतं. हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, परत आत जाऊ शकत नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होत असेल तर नळी मोकळी आहे. हालचाल थांबली तर फुफ्फुस पूर्ण फुललंय किंवा नळी मुडपलीय; आधी नळी बघा.

खरी काळजी मिरजेला किंवा कराडला हलवताना घ्यायची. नातेवाईक बाटली उचलून मांडीवर, नाहीतर रुग्णाशेजारी गादीवर ठेवतात. छातीपेक्षा उंच गेली तर तिच्यातलं पाणी छातीत ओढलं जातं. बाटली कायम खाली आणि उभी हवी; कलंडली तर लगेच सरळ करा. आणि बुडबुडे येत असताना ‘प्रवासात सांडायला नको’ म्हणून नळीला चिमटा कधीच लावू नका, कोणी लावत असेल तर अडवा. हवा आत कोंडते, हृदय एका बाजूला ढकललं जातं, रक्तदाब कोसळतो, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

साधारण तिघांतल्या एकाला हे पुन्हा होतं, बहुतेकदा पहिल्या वर्षभरात. पुन्हा झालं तर दुर्बिणीतून फुगे काढून फुफ्फुस छातीच्या आतल्या बाजूला चिकटवतात. विमानप्रवास एक्स-रे पूर्ण स्वच्छ आल्यावर किमान ७ दिवसांनी. तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग मात्र कायमचं बंद. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली असेल तरच छातीच्या डॉक्टरांना विचारून बघा.