वहीतल्या चुकांचे नियम

माहीममधल्या एका वस्तीत मी मुलांचा अभ्यास घेते. तिथे तिसरीतल्या एका मुलाने ५२ मधून ३८ वजा करून २६ आणि ७१ मधून ४५ वजा करून ३४ उत्तर काढले होते. वरवर पाहता हा धांदरटपणा वाटतो. परंतु दोन्ही ठिकाणी हातचा टाळून, अंक वर असो वा खाली, मोठ्यातून लहान वजा करायचा हा नियम त्याने काटेकोरपणे पाळला आहे. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली अशाच वजाबाक्या तपासून दाखवले की, मुलांच्या कित्येक चुका म्हणजे चुकीच्या पद्धतीचा सातत्याने केलेला वापर असतो. त्यामुळे नुसती लाल फुली मारून काहीही साधत नाही.

भाषेतही हेच. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये घाईत होणारी चूक आणि अपुऱ्या ज्ञानातून वारंवार होणारी चूक यांत फरक केला. ‘मी करलं’ म्हणणारे मूल ‘बसलं’, ‘धरलं’ यांवरून स्वतःच नियम बांधत असते.

मराठी संख्यांची गंमत आणखी वेगळी आहे. ‘बावन्न’मध्ये दोन आधी आणि पन्नास नंतर ऐकू येतात, म्हणून काही मुले २५ लिहितात, जर्मन मुलांतही ही उलटापालट आढळते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा तिची थट्टाच अधिक झाली. बावन्न, त्रेपन्न सोडावेत असे मलाही वाटत नाही. मात्र अंक उलटे लिहिणाऱ्या मुलाकडून काही काळ ‘पन्नास आणि दोन’ म्हणवून घेण्यात कमीपणा कसला?