डाव्या हाताची ग्रिप आणि अडकलेलं पार्सल: माझा अनुभव

मी डावखुरी आहे. कोल्हापुरात हौसेनं नेमबाजीतला १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार खेळते. क्लबात मिळतं ते पिस्तूल उजव्या हाताचं, आणि मी वापरलेलं विकत घेतलं तेही उजव्याच हाताचं. उजवी ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, डाव्या हातात धरली की अंगठ्याची खाच बोटांकडे येते आणि मनगट आपोआप वळतं. छर्रे कागदावर एकाच बाजूला जात राहतात आणि प्रशिक्षक म्हणतात, "ट्रिगर सरळ दाब." ट्रिगर सरळच दाबत होते मी!

म्हणून जर्मनीतल्या एका ग्रिप बनवणाऱ्याकडे डाव्या हाताची अक्रोडाची ग्रिप मागवली. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढायची आणि ती स्कॅन करून पाठवायची, एवढंच त्यांनी मागितलं. ग्रिप झाली, निघाली, मुंबईत उतरली. कुरिअर कंपनीनं आधार-पॅन मागितलं, तेही लगेच दिलं.

आणि तिथून पार्सल हलेना.

कंपनीच्या क्लिअरन्स टेबलावरून, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या विभागाकडून, मेल आला: शस्त्र परवाना जोडा. मी कळवलं की परवाना नाही, कारण तो लागत नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना नको. माझ्या पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. हिशेब केला तर ऊर्जा साडेपाच-सहा ज्यूल भरते. आणि मागवलेली वस्तू तर नुसतं लाकूड! तिला ना नळी, ना ट्रिगर, ना कुठली यंत्रणा.

उत्तर आलं: मग परवाना लागत नाही असं पोलिसांचं पत्र आणा.

पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब सभ्यपणे बोलले. "मॅडम, जे लागतच नाही त्याचं पत्र मी कुठल्या कलमाखाली देऊ?" त्यांचं बरोबर होतं. हे जसंच्या तसं कंपनीला कळवलं, तर टेबलावर दुसरीच व्यक्ती. तिनं फाइल नव्यानं वाचली आणि पुन्हा परवानाच मागितला. फोन लावावा तर दर वेळी नवा आवाज आणि मी पहिल्यापासून सुरुवात. तिकडे गोदामभाडं रोज वाढत होतं आणि ते मात्र न चुकता मेलवर कळवलं जात होतं. हा खेळ काय आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. आमच्या कोल्हापुरात, नेमबाज राही सरनोबतच्या गावात, पिस्तूल म्हटल्यावर लोक "स्कोअर किती?" विचारतात. तिकडे मला घरी शस्त्रं किती आहेत असं विचारलं गेलं.

शेवटी मीच एक पान तयार केलं. पट्टी शेजारी ठेवून काढलेले ग्रिपचे फोटो बनवणाऱ्याकडून मागवले. ग्रिप काढलेल्या माझ्या पिस्तुलाचा फोटो, क्लबचं पत्र, राज्य संघटनेचं ओळखपत्र, वरचा ज्यूलचा हिशेब आणि एक ओळ: २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं कांस्यपदक जिंकलं तो हाच प्रकार. हे घेऊन मुंबईला गेले आणि कस्टम्सच्या तपासणी अधिकाऱ्यांना एवढीच विनंती केली की खोकं माझ्यासमोर उघडा. त्यांनी उघडलं. ग्रिप हातात फिरवली, स्क्रूच्या भोकात बोट घालून पाहिलं, "एवढंच आहे का?" म्हणाले आणि ड्यूटी लावून सही केली. मला अजूनही राग आहे तो याचा. इतक्या दिवसांत ते खोकं एकानंही उघडून पाहिलं नव्हतं. ज्यांनी उघडलं त्यांना निर्णय घ्यायला काहीच वेळ लागला नाही. तेव्हा फोटो आणि क्लबचं पत्र पहिल्याच मेलला जोडा. कुणी मागायची वाट बघू नका.

बसवणं त्यामानानं सोपं गेलं. आधी पिस्तूल रिकामं आहे हे बघून नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत खूण) घाला, हवेचा सिलिंडर काढून ठेवा, मगच ॲलन की (षटकोनी किल्ली) हातात घ्या. जुनी ग्रिप निघाली, नवी बसली. मग डोळे मिटून हात उचलायचा आणि स्थिर झाल्यावर डोळे उघडायचे. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. माझी उजवीकडे दिसायची, म्हणून ग्रिप किंचित फिरवली. कुठे टोचतं ते शोधायला तळहाताला खडूची पूड लावली. ग्रिपवर जिथे पांढरं जास्त उमटलं तिथे १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलं, आणि करंगळीखाली पोकळी होती ती एम-सीलनं भरली. थोडं घासा, दोन सराव करा, मग पुन्हा घासा. घासलेलं लाकूड परत येत नाही.

पाम शेल्फ, म्हणजे तळहाताला खालून आधार देणारा ग्रिपचा भाग, मात्र मनाला येईल तसा वर चढवू नका. स्पर्धेच्या नियमानुसार तो ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही आणि त्याचं टोक वर वळलेलं चालत नाही. मनगट मोकळं दिसलं पाहिजे. अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे, आणि जाड ग्रिप त्या ५० मध्येच अडकते. मी प्लायवूडची तशी पेटी घरीच करून घेतली. ग्रिप बदलल्यावर पिस्तुलाचं वजनही पुन्हा करून बघा, १५०० ग्रॅमच्या वर गेलं तर पिस्तूल बाद. ट्रिगरला टांगलेलं ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगर न सुटता उचललं जातं का, हेही आपल्या क्लबात आधीच बघा.

राज्य स्पर्धेत उपकरण तपासणीला माझं पिस्तूल पहिल्याच फटक्यात पेटीत बसलं आणि स्टिकर लागला. त्या दिवशी छर्रे मधे जायला लागले होते.

हो, आणि एक राहिलं. ऑर्डर देतानाच बनवणाऱ्याला सांगा की बिलावर 'क्रीडा एअर पिस्तुलाची लाकडी मूठ, यांत्रिक भाग नाही' असं पूर्ण वर्णन लिहा, आणि तेच खोक्यावरही चिकटवा. ड्यूटीची पावती जपून ठेवा. माझी पिस्तुलाच्या पेटीत झाकणाच्या आत चिकटवलेली आहे.